मौलवी तमीजुद्दीन खान यांचा खटला : हुकूमतीला लगाम कोणाचा?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सरकारची तीन अंगे शिकवली जातात. मराठी माध्यमात ती कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या नावांनी येतात, उर्दू माध्यमात मुकन्निना, इंतजामिया आणि अदलिया या नावांनी. मुले तिन्ही नावे पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. ही तीन अंगे एकमेकांपासून वेगळी का ठेवायची, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनात येत नाही. मोठ्यांच्या मनात तो येतो, पण वेगळ्या रूपात. आपल्या मैफिलींमध्ये अनेकदा ऐकू येते, "हुकूमत करणारा नेक असला, खुदाचा खौफ बाळगणारा असला, की बाकी कशाची गरज नाही." या विचाराची परीक्षा इतिहासाने घेतलेली आहे. ती आपल्या शेजारी, पाकिस्तानात, १९५४-५५ साली झाली. त्या खटल्याची हकीकत मराठीत फारशी आलेली नाही, म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगतो.

एकाच कायद्यातून निघालेले दोन देश

ऑगस्ट १९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तान स्वतंत्र झाले ते ब्रिटिश संसदेने केलेल्या एकाच कायद्याने, १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने. दोन्ही देशांत एकेक संविधान सभा होती. नवे संविधान तयार होईपर्यंत दोघांचाही कारभार १९३५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्टवर चालायचा होता. दोन्हीकडे राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून झाली.

भारताच्या संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी काम पूर्ण केले. पाकिस्तानची संविधान सभा मात्र रेंगाळली. अध्यक्ष मोहम्मद अली जिना ११ सप्टेंबर १९४८ ला वारले. त्यांच्यानंतर सभेचे अध्यक्षपद पूर्व बंगालमधल्या फरीदपूरच्या मौलवी तमीजुद्दीन खान यांच्याकडे आले. पेशाने ते वकील होते. १२ मार्च १९४९ रोजी सभेने प्रसिद्ध 'करारदाद-ए-मकासिद', म्हणजे उद्दिष्टांचा ठराव, मंजूर केला. साऱ्या विश्वाची सत्ता अल्लाहची आहे आणि राज्यकर्त्यांच्या हाती आलेला अधिकार ही एक पवित्र अमानत आहे, असे त्यात म्हटले होते. पूर्व बंगालचे श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि इतर हिंदू सदस्यांनी या ठरावाला विरोध केला.

अमानतीची भाषा सुंदर होती. पण अमानतीत खयानत झाली तर तक्रार कोणाकडे करायची आणि निवाडा कोण देणार, याची व्यवस्था त्या ठरावात नव्हती. ती संविधानात यायची होती आणि संविधान तयार नव्हते.

गव्हर्नर जनरलचा हुकूम

१६ ऑक्टोबर १९५१ ला पंतप्रधान लियाकत अली खान यांची रावळपिंडीत हत्या झाली. ख्वाजा नाझिमुद्दीन पंतप्रधान झाले आणि अर्थमंत्री गुलाम मोहम्मद गव्हर्नर जनरल. अलीगढमध्ये शिकलेले आणि रेल्वेच्या हिशेब खात्यात वर चढलेले हे गृहस्थ. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनीतले 'मोहम्मद' ते हेच. ते पाकिस्तानात गेल्यावर १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

१७ एप्रिल १९५३ रोजी गुलाम मोहम्मद यांनी नाझिमुद्दीन यांना बडतर्फ केले. सभेत नाझिमुद्दीन यांचे बहुमत होते आणि त्यांचा अर्थसंकल्प नुकताच मंजूर झाला होता. पण १९३५ च्या कायद्यात मंत्री गव्हर्नर जनरलच्या मर्जीपर्यंत पदावर राहतात, असे कलम होते. ब्रिटिशांनी हिंदुस्थान ताब्यात ठेवण्यासाठी बनवलेले हत्यार स्वतंत्र देशाच्या पंतप्रधानावर चालवले गेले. अमेरिकेतले राजदूत मोहम्मद अली बोगरा यांना बोलावून पंतप्रधान केले गेले.

संविधान सभेने यातून धडा घेतला. २१ सप्टेंबर १९५४ रोजी तिने १९३५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. मंत्री सभेचेच सदस्य असतील, ते सभेला जबाबदार राहतील आणि गव्हर्नर जनरलला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असेल, असा तिचा आशय होता. त्याच सुमारास संविधानाचा मसुदाही शेवटच्या टप्प्यात आला आणि २५ डिसेंबरला, जिनांच्या जन्मदिनी, देशाला संविधान मिळेल असे जाहीर झाले.

ते मिळाले नाही. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी गुलाम मोहम्मद यांनी आणीबाणी पुकारली. राज्यघटनेची यंत्रणा कोसळली आहे, संविधान सभेने जनतेचा विश्वास गमावला आहे आणि ती यापुढे काम करू शकत नाही, असे त्यांनी जाहीर केले. बोगरा यांनाच पंतप्रधान ठेवून नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात सरसेनापती जनरल अयूब खान हे लष्करप्रमुखपद न सोडता संरक्षणमंत्री झाले. सभेची पुढची बैठक भरू नये म्हणून पोलीस बसवले गेले.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. सभेवरचा आरोप अगदीच खोटा नव्हता. तिचे सदस्य थेट जनतेने निवडलेले नव्हते, प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले होते. सात वर्षांत तिने संविधान दिले नव्हते. मार्च १९५४ मध्ये पूर्व बंगालच्या निवडणुकीत सत्ताधारी मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला होता. त्यामुळे सभा बरखास्त झाल्यावर लोक हळहळले नाहीत. सत्तेला नेमकी हीच संधी हवी असते. पहिला घाव लोकांच्या मनातून उतरलेल्या संस्थेवर बसतो, म्हणून कोणी ओरडत नाही. पण त्या घावाने पडलेला पायंडा पुढे सगळ्यांवर चालतो.

कोर्टाची पायरी

तमीजुद्दीन खान गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांनी कराचीच्या सिंध चीफ कोर्टात अर्ज केला. सभा बरखास्त करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलला नाही, त्याने मला माझ्या कामात अडथळा करू नये आणि हे नवे मंत्री कोणत्या हक्काने पदावर बसले ते विचारावे, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांची नजर चुकवून ते बुरखा घालून कोर्टात पोचले, अशी आख्यायिका पाकिस्तानात आजही सांगितली जाते. त्यांच्या वकिलांमध्ये इब्राहिम इस्माईल चुंद्रीगर होते. फाळणीपूर्वी मुंबई हायकोर्टात वकिली केलेले आणि मुंबई प्रांतिक मुस्लिम लीगचे अध्यक्ष राहिलेले हे गृहस्थ पुढे १९५७ मध्ये दोनेक महिने पाकिस्तानचे पंतप्रधानही झाले.

९ फेब्रुवारी १९५५ रोजी सिंध चीफ कोर्टाच्या चार न्यायाधीशांनी एकमुखाने तमीजुद्दीन यांच्या बाजूने निकाल दिला. संविधान सभा सार्वभौम आहे. ती विसर्जित करायची तर तिनेच तसा ठराव केला पाहिजे. गव्हर्नर जनरलला तो अधिकार नाही.

सरकार फेडरल कोर्टात गेले. सरन्यायाधीश होते मोहम्मद मुनीर. १९५३ च्या पंजाब दंगलींच्या चौकशीचा 'मुनीर अहवाल' म्हणून वाचकांना हे नाव माहीत असेल. २१ मार्च १९५५ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सिंध कोर्टाचा निकाल फिरवला गेला.

गंमत अशी की सभा बरखास्त करणे योग्य की अयोग्य, या मूळ प्रश्नाला बहुमताने हातच घातला नाही. मुनीर यांनी वेगळाच धागा पकडला. कोर्टांना सरकारविरुद्ध रिट काढण्याचा अधिकार देणारे कलम, २२३-अ, संविधान सभेने १९५४ मध्येच कायद्यात घातले होते. त्यावर गव्हर्नर जनरलची संमतीची सही नव्हती. सही नाही म्हणून कलम कायदा नाही. कलम कायदा नाही म्हणून कोर्टाला अधिकार नाही. कोर्टाला अधिकार नाही म्हणून तमीजुद्दीन यांचा अर्ज निकालात.

वास्तविक १९४८ मध्ये, खुद्द जिना सभेचे अध्यक्ष आणि गव्हर्नर जनरल दोन्ही असताना, असा नियम ठरला होता की सभेने संमत केलेला घटनात्मक कायदा अध्यक्षाच्या सहीने आणि राजपत्रातल्या प्रसिद्धीने अमलात येईल. त्यानंतर सात वर्षे सभा, सरकार आणि कोर्टे याच नियमाने चालली. कोणीही सही मागितली नव्हती.

आणि इथेच आपला संबंध येतो. भारताच्या संविधानावरही गव्हर्नर जनरलची संमती घेतलेली नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा त्या पदावर होते. संविधान प्रमाणित झाले ते संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सहीने. दोन्ही सभांचा जन्म एकाच कायद्याचा. मुनीर यांचे तर्कशास्त्र दिल्लीत लावले असते, तर आपले संविधानही कागदाचा गठ्ठा ठरले असते.

एकटा न्यायाधीश

त्या पाच जणांत एकाचे मत वेगळे पडले. न्यायमूर्ती ए. आर. कॉर्नेलियस. आग्र्यात जन्मलेले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांनी लिहिलेल्या भिन्नमताचा गाभा असा : संविधान सभा ही गव्हर्नर जनरलच्या वर आहे. जी सभा देशाची घटना बनवणार, तिने घटनेने निर्माण होणाऱ्या पदाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची हे उलटे आहे.

हुकूम काढणारा गव्हर्नर जनरल मुसलमान. त्याला साथ देणारे सेनापती आणि मंत्री मुसलमान. निकाल फिरवणारे चारही न्यायाधीश मुसलमान. सहा वर्षांपूर्वी त्याच देशाने सत्ता ही अल्लाहची अमानत आहे असा ठराव केलेला. आणि एका मौलवीच्या अध्यक्षतेखालील सभेसाठी फेडरल कोर्टात लेखणी उचलली ती एका ख्रिस्ती माणसाने. यातून मला कोणत्याही धर्माची श्रेष्ठता किंवा कनिष्ठता सांगायची नाही. सत्ता हाती असलेल्याला त्याची श्रद्धा आपोआप रोखत नाही, एवढेच सांगायचे आहे. त्याला रोखायला बाहेरून 'नाही' म्हणणारी, आणि जिचे 'नाही' ऐकावे लागते अशी संस्था लागते.

आपल्या जुन्या इतिहासातही हा प्रश्न आहे. इमाम अबू हनीफा यांनी खलिफा मन्सूरचे काझीपद नाकारले आणि त्यापायी कैद भोगली, असे चरित्रकार सांगतात. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की काझीला नेमणारा आणि काढणारा तोच खलिफा होता. इमाम साहेबांची हिंमत त्यांची स्वतःची होती. त्या पदाला संरक्षण नव्हते.

'जरूरत' नावाची पळवाट

निकालाचा परिणाम भयंकर झाला. सहीअभावी एक कलम रद्द, तर तोच न्याय सात वर्षांतल्या ४० हून अधिक कायद्यांना लागू. गव्हर्नर जनरलने वटहुकूम काढून त्यातले बरेचसे कायदे जिवंत करायचा प्रयत्न केला. एप्रिल १९५५ मध्ये उसिफ पटेल खटल्यात फेडरल कोर्टानेच सांगितले की हे काम संविधान सभेचे आहे, एका माणसाचे नाही. पण सभा तर उरली नव्हती. देश कायद्याच्या पोकळीत लटकला.

मग गव्हर्नर जनरलने कोर्टाचा सल्ला मागितला. मे १९५५ मध्ये मुनीर यांनी उत्तर दिले ते पुढे 'नजरिया-ए-जरूरत' म्हणून बदनाम झाले. एरवी जे बेकायदा, ते गरजेपोटी कायदेशीर ठरते, असे ते तत्त्व. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कोर्टाने त्याला अट घातली : नवी संविधान सभा बोलवावीच लागेल, तोपर्यंतच ही सवलत. त्याप्रमाणे नवी सभा आलीही आणि २३ मार्च १९५६ ला पाकिस्तानला संविधान मिळाले.

गरजेचे तत्त्व आपल्या फिकहमध्येही आहे. जरूरत निषिद्ध गोष्टीला मुभा देते, हा प्रसिद्ध कायदा. पण त्याच्या जोडीला दुसरा कायदाही आहे : जरूरत तिच्या मापानेच मोजायची. भुकेने मरणाऱ्याला हराम अन्नाची परवानगी आहे ती जीव वाचण्यापुरती, आणि कुरआनची अट आहे की तो स्वतः हद्द ओलांडणारा नसावा. ज्याने आधी स्वतःच घराला कुलूप घालून धान्य जाळले, त्याने मग भुकेची सबब सांगायची, याला जरूरत म्हणत नाहीत. पाकिस्तानात पोकळी निर्माण करणारा आणि पोकळीच्या नावाने अधिकार मागणारा एकच होता.

एकदा उघडलेले हे दार बंद झाले नाही. ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी संविधान रद्द करून मार्शल लॉ लावला. त्याच महिन्यात मुनीर यांच्या कोर्टाने दोसो खटल्यात सांगितले की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायदा असते. निकाल आला त्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, अयूब खान यांनी मिर्झांना बाजूला सारले. १९७२ मध्ये आस्मा जिलानी खटल्यात कोर्टाने दोसोचा निकाल चुकीचा ठरवला, पण तोवर हुकूमशहा याह्या खान सत्तेवरून गेलेले होते. १९७७ मध्ये जनरल झिया आणि २००० मध्ये जनरल मुशर्रफ यांच्यासाठी 'जरूरत' पुन्हा कोर्टात हजर झाली.

१९६० मध्ये निवृत्तीच्या सुमारास मुनीर यांनी लाहोरच्या वकिलांपुढे आपली बाजू मांडली. सरकारविरुद्ध हुकूम दिला असता तर तो अमलात कोणी आणला असता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ही सबब पूर्ण झटकून टाकता येत नाही. न्यायाधीशाच्या हाती ना फौज असते ना खजिना. त्याच्या शब्दाला वजन येते ते इतर संस्था आणि लोक तो शब्द मानतात म्हणून. पण न्यायाधीशानेच आधीच हार मानली, तर लोकांना मानायला काही उरतच नाही.

आणि एकट्या माणसावरही भिस्त ठेवून चालत नाही. तेच तमीजुद्दीन पुढे अयूब खान यांच्या संविधानाखाली राष्ट्रीय सभेचे सभापती झाले. तेच कॉर्नेलियस १९६० ते १९६८ सरन्यायाधीश राहिले आणि नंतर याह्या खान यांच्या लष्करी राजवटीत कायदामंत्री. माणसे बदलतात, थकतात, तडजोड करतात. म्हणूनच व्यवस्था लिहून ठेवावी लागते.

आपल्याकडे काय वेगळे होते?

हे वाचून कोणाला वाटेल की 'ते तसेच, आपण वेगळे'. थोडे थांबू या. आपल्याकडेही २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. हजारो लोक खटल्याशिवाय तुरुंगात गेले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाअत-ए-इस्लामी हिंद या दोन्ही संघटनांवर एकाच वेळी बंदी आली. अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते, असे नऊ हायकोर्टांनी सांगितले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. ती चार नावे ए. एन. रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. इथेही एकटे राहिलेले न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. धर्म वेगळे, देश वेगळा, पण मतांची विभागणी अगदी तीच.

फरक पुढे पडला. आपल्याकडे लिहिलेले संविधान होते. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेवले होते की संसदही संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सत्तेची विभागणी हा त्या चौकटीचा भाग असल्याचे सरन्यायाधीश सिक्री यांनी त्यात नमूद केले होते. १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार बदलले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात १९७६ चा तो निकाल रद्दबातल झाला. त्या वेळी प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. मुलाने वडिलांचा निकाल पुसला, कारण व्यवस्थेने ती जागा ठेवली होती.

हा सगळा जुना इतिहास नाही. गेल्या काही वर्षांत कोणावर आरोप झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर बुलडोझर, असे प्रकार देशात अनेक ठिकाणी झाले. त्यात आपल्या समाजाची घरे किती होती, हे वाचकांना सांगायला नको. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई त्या खंडपीठात होते. न्यायालयाने सत्तेच्या विभागणीचाच आधार घेतला : गुन्हेगार कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, सरकारी अधिकारी न्यायाधीश होऊ शकत नाही. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरचे बांधकाम किंवा कोर्टाचा आदेश असलेली प्रकरणे वगळता, पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि आदेश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होईल.

'तीन अंगे' या धड्याचा अर्थ इथे कळतो. ज्याच्या हाती बुलडोझर आहे, त्याच्याच हाती निकाल असता कामा नये. बहुसंख्याकाला मतपेटीतून तरी दाद मिळते. अल्पसंख्याकाला या विभागणीची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त असते.

म्हणून 'नेक हाकिम मिळाला की झाले' ही आपली आवडती आशा तपासून पाहायला हवी. नेक हाकिमाची दुआ जरूर करावी. पण नोटीस दारावर लागली तर १५ दिवसांत कुठे अर्ज करायचा, कलम ३२ आणि कलम २२६ खाली कोणत्या कोर्टाची पायरी चढायची, हे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार जणांना तरी माहीत असले पाहिजे. तमीजुद्दीन खान खटला हरले. पण त्यांनी अर्ज केला म्हणूनच सिंधच्या चार न्यायाधीशांचे आणि कॉर्नेलियस यांचे मत कागदावर राहिले, आणि सत्तर वर्षांनंतर आपण ते वाचू शकतो.